सहा बाटल्या, एकच आकडा

ऑगस्ट. शेताच्या कोपऱ्यातलं पर्जन्यमापक. ०, ०, ०, ०, ०, ०, ०. पान उलटा. ०, ०, ०.

*

क्रशरची पावती: काळ्या दगडाची बारीक पूड, आठ ट्रॉली. घेणाऱ्याची सही वाचता येत नाही.

*

"माय, त्या खड्ड्याकडं जाऊ नको. साप निघल."
"निघू दे. वळखतो मला."

*

कपाशी दुपारी मान टाकते, संध्याकाळी उचलते. बावीस दिवस झाले.

*

सुमेधा हिवाळे यांना कळवण्यात येते की पुढील सूचनेपर्यंत आपले काम थांबवण्यात येत आहे.

*

धान्याचं माप तपासताना आधी तळ बघायचा. मग काठ. माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी.

*

४१२. ४१२. ४१२. ४१२. ४१२. ४१२.


बाटली एक

शेवटचे सहा आकडे पाहून मनीषा बोराडे खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी कचेरीचं दार लावून घेतलं.

मनीषा कंपनीच्या जालना जिल्ह्याच्या प्रमुख. कंपनीचं काम सांगायला सोपं होतं, मोजायला अवघड. पावसाचं पाणी हवेतला कार्बन घेऊन जमिनीत उतरतं. काळा दगड पिठासारखा दळून वावरात टाकला, की हे पाणी त्याला हळूहळू खातं. खाता खाता कार्बन पाण्यात विरघळून अडकतो, झिरपत नदीला आणि पुढे समुद्राला जातो. हजारो वर्षं तरी तो हवेत परत येत नाही. किती अडकला, हे झिरपलेलं पाणी सांगतं.

म्हणून केदारखेड्याजवळ आसराबाई खरात यांच्या चार एकरांचे दोन भाग केले होते. धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, उगवतीला पूड टाकली, मावळतीला कोरं ठेवलं. दोन्हीकडे झिरपणारं पाणी झेलायला जमिनीखाली तीन-तीन ताटं पुरली. प्रत्येक ताटाची नळी धुऱ्यावरच्या खड्ड्यात उतरत होती आणि नळीखाली एक बाटली होती. एक, दोन, तीन पुडीच्या. चार, पाच, सहा कोऱ्या. दर सोमवारी सुमेधाने बाटल्या न्यायच्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचे, आकडा लिहायचा. दोन बाजूंतला फरक म्हणजे दगडाची कमाई.

जुलैभर फरक दिसत होता. पुडीकडे दोनशे ऐंशीच्या आसपास, कोऱ्याकडे दोनशे चाळीस. ऑगस्टमध्ये चार सोमवार सहाही बाटल्यांत एकच आकडा आला. चोवीस वेळा चारशे बारा.

"जमीन असं कधीच बोलत नाही," मनीषा म्हणाल्या. "हातभर अंतरावरची दोन ताटंसुद्धा सारखी येत नाहीत. हे कुणीतरी केलंय. पुण्याहून तपासणीस शुक्रवारी येणार. त्याआधी मला नाव पाहिजे."

समोर रामकिसन दाभाडे बसले होते. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. परतूरच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी काटे, मापं आणि पेट्रोल पंप तपासले होते.

"तुम्हाला नाव ठाऊक असल्यासारखं दिसतंय, मॅडम. पोरीचं काम तर आधीच थांबवलंय."

"बाटल्यांना हात लावते ती एकटीच. घरच्या नळाचं पाणी भरून आणत असेल. नाव तिचंच निघालं, तर जिल्ह्यातल्या अकराही गावांच्या पोरींना घरी बसवून पुण्याची एजन्सी आणा, असं वरून आलंय."

रामकिसननी एकच गोष्ट मागितली. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारच्या बाटल्या. त्या अजून कपाटात होत्या, नमुन्याचं घोटभर पाणी काढून पुन्हा बंद केलेल्या. झाकणाखाली सुमेधाने काचेवर पेनाने रेघ ओढली होती, आली तेव्हाची पातळी.

सहाही रेघा गळ्याच्या वर होत्या. पार तोंडाशी.

रामकिसननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते स्वतःशीच हसले आणि मनीषांना ते हसणं अजिबात आवडलं नाही.


बाटली तीन

(दोन नंबरची नंतर कपाटातून काढताना फुटली. तिच्यात वेगळं काही नव्हतं.)

राधेश्याम यांचा क्रशर अंबड रस्त्याला. झाडांची पानंसुद्धा तिथे करडी.

"या, दाभाडे सायब! माझ्या वडलांच्या काट्याला सील ठोकलं होतं तुम्ही. आठवतं का?"

"दीड किलोचा फरक होता."

"एक किलो चारशे. वडील मरेपर्यंत म्हणायचे, माणूस खडूस हे पण बराबर बोलतो." राधेश्यामने चहा मागवला. "आता माझ्यावर काय आळ आला?"

"पूड दिली की माती दिली?"

"जिल्हाभर दगड पडलाय, सायब. मातीत मिलावट करायला मला माती इकत घ्यावी लागल!"

चहा अर्धा कप आला. रामकिसननी तो संपवला आणि मोटारसायकल केदारखेड्याकडे घातली.

आसराबाईंची वस्ती वावरातच. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच, पाठ काठीसारखी सरळ. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तांब्या इतका भरलेला होता की घेताना रामकिसनांच्या बाहीवर पाणी सांडलं.

"बसा दादा. आधी पाणी प्या, मंग चौकशी करा."

रामकिसन बसले नाहीत. खिशातून लोहचुंबक काढून ते उगवतीच्या अर्ध्यात फिरले, मग मावळतीच्या. मूठ-मूठ माती कागदावर घेतली, भिंगाखाली धरली. पुडीकडे चुंबकाला काळी दाढी फुटायची, आणि भिंगातून कण दिसायचे ते नव्या, धारेच्या कडांचे. कोऱ्याकडे कण गोल, झिजलेले, म्हातारे.

पूड खरी होती. पडलीही होती. राधेश्याम सुटला.

पण रामकिसन दर वीस पावलांना खाली वाकत गेले आणि शेवटच्या पट्ट्यात थांबले. तिथे दाढी विरळ होती.

"परमेश्वर," अंगणात परत येऊन त्यांनी आसराबाईंच्या मुलाला हाक मारली. ट्रॅक्टर त्याचाच होता. "आठ ट्रॉल्या आल्या. वावरात किती पडल्या?"

परमेश्वरने आईकडे पाहिलं नाही. त्याने पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं.


बाटली चार

"सात."

"आठवी?"

"अंगणात टाकली. पावसात लई चिखल व्हतो, सायब. माय दोनदा घसरून पडल्ती." परमेश्वरने मान वर केली. "इकली न्हाई. बघा, तुम्ही तिच्यावरच उभे हात."

रामकिसननी खाली पाहिलं. अंगण करडं, घट्ट, झाडून लख्ख होतं.

"आन् हे मला आत्ता सांगून राह्यला!" आसराबाई म्हणाल्या. "कंपनीची पूड माझ्या अंगणात? म्हणून पाव्हणे इचारतात, अंगण इतकं गुळगुळीत कसं!"

"तू तर त्यांना सांगत व्हतीस, शेणानं सारवते म्हणून."

"मंग काय सांगू? मला वाटलं, माझाच हात बसलाय!"

रामकिसननी वहीत लिहिलं: सात. आठ नव्हे. एका ट्रॉलीने फरक थोडा कमी होतो, पुसला जात नाही. चारशे बारा परमेश्वरच्या अंगणातून आलं नव्हतं.

दुपारी त्यांनी लिंबाखाली डबा खाल्ला. आसराबाईंनी तो मागून नेला, घासून आणला. रामकिसननी पिशवीत टाकला आणि खड्ड्याकडे गेले.

खड्डा छातीएवढा खोल, लोखंडी झाकण, कुलूप. दोन किल्ल्या होत्या. एक सुमेधाकडे. दुसरी आसराबाईंकडे, पाणी शिरलं किंवा किरडू पडलं तर बघायला. रामकिसन आत उतरले. नळ्यांची तोंडं कोरडी होती. त्यांनी सहाही नळ्यांत करंगळी फिरवली. ती धुळीने माखून आली.

म्हणजे बाटल्यांतलं पाणी नळीतून आलंच नव्हतं. वरून आलं होतं.

जाताना त्यांनी विहिरीचं पाणी एका शिशीत घेतलं. मग सुमेधाच्या गावाला गेले आणि तिच्या घरच्या नळाचं दुसऱ्या शिशीत.

सुमेधा दारातच उभी होती. चोवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, हातात कव्हर घातलेली वही. नळाच्या शिशीला बूच लागल्यावर ती बोलली.

"काका, मला घरी बसून आकडे करायचे असते, तर मी ते वेगवेगळे केले असते."

"मलाबी तेच वाटलं," रामकिसन म्हणाले.

"मंग नळाचं पाणी कशाला घेतलं?"

"वाटणं लिहिता येत न्हाई पोरी. मोजलेलं लिहिता येतं."

ती पहिल्यांदा थोडी हसली आणि वही पुढे केली. "कचेरीत फोनवरून फक्त आकडा जातो. त्या ॲपमध्ये आकड्याला एक घर हे, बाकी कशाला जागा न्हाई. म्हणून मी इथं लिहिते."

ऑगस्टचं पान. समासात निळ्या शाईने, चार सोमवार, चार वेळा: *पाऊस नाही. तरी बाटल्या भरलेल्या. पाणी नितळ. का?*

"ताटातून झिरपलेलं पाणी पातळ चहासारखं पिवळसर असतं," सुमेधा म्हणाली. "हे काचेसारखं होतं. मी दोनदा फोन केला. म्हणाले, आकडा पाठवा."

"तू कुणावर संशय घेतला?"

"संशय लिहायचा नसतो ना, काका. जे दिसलं ते लिहिलं."

घरी पोचल्यावर रामकिसननी डबा पिशवीतून काढला. तो रिकाम्या डब्यापेक्षा जड होता. झाकण उघडलं. आत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा होता.

त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि चावायचं विसरून गेले.


बाटली पाच

गुरुवारी सकाळी आसराबाईंच्या करड्या अंगणात रामकिसनांसमोर पाच माणसं जमली होती. मनीषा गाडीतून आल्या होत्या. राधेश्यामला बोलावलं नव्हतं. तो गंमत बघायला आला होता. परमेश्वर खांबाला टेकून. सुमेधा सगळ्यांपासून दूर, वही मांडीवर. आसराबाई चुलीपाशी चहा करत होत्या.

रामकिसन उभे राहिले.

"आधी पाणी. सुमेधाच्या नळाचं आलं एकशे ऐंशी. ह्या विहिरीचं आलं चारशे बारा."

परमेश्वर खांबापासून सुटा झाला. "सायब, मी त्या खड्ड्यात उतरलो पण न्हाई!"

"बस. तुझ्यावर पण येतो." रामकिसननी हात खाली केला. "विहिरीचं पाणी बाटलीत टाकून फायदा कुणाला? राधेश्यामला न्हाई, पूड काम करत न्हाई असं निघालं तर त्याचं गिऱ्हाईक जातं. परमेश्वरला न्हाई. त्याला ट्रॉली लपवायची असती, तर पुडीकडच्या तीनच बाटल्यांत खारं पाणी घातलं असतं, आकडा चढला असता. त्यानं सहाही कशाला भरल्या असत्या? आन् सुमेधाला तर मुळीच न्हाई. आपल्याच बाटल्या खोट्या करून आपल्याच वहीत चारदा 'का' असं कोण लिहितं? वही बघा मॅडम. फोनवर नुसता आकडा आला, 'का' इथंच राहिला."

मनीषांनी वही घेतली. वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"तीस वर्षं मी मापं तपासली," रामकिसन म्हणाले. "चोर माप कमी भरतो. तळाला मेण लावतो, काठ घासतो, अंगठा आत घालतो. ह्या सहा बाटल्या तोंडापर्यंत भरलेल्या. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही चोर असा पाहिला न्हाई जो माप सांडेपर्यंत भरतो. म्हणून पहिल्याच दिवशी मला कळलं, हिथं चोरी न्हाई. हे कुणीतरी देऊन राह्यलंय."



"मंग मी बघितलं, ह्या वावरात देणारं कोण. राधेश्यामचा चहा अर्धा कप." राधेश्याम खाकरला. "हिथं आलो तर तांब्यानं माझी बाही भिजली. माझा डबा रिकामा नेला, तो दाण्यानं भरून आला."

सगळे चुलीकडे वळले. आसराबाईंनी चहा गाळणीतून ओतला, एकही थेंब न सांडता, काठोकाठ.

"आसराबाई," रामकिसन हळू म्हणाले, "बाटल्या तुम्ही भरल्या?"

"मीच भरल्या." त्यांनी गाळणी ठेवली. आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट नवल होतं, की ह्यात इचारायचं काय. "सोमवारी पोरगी यायच्या आधी बघून यायचे. अर्ध्यामुर्ध्या असल्या तर हात न्हाई लावला. कोरड्या ठाक असल्या, तर मंग भरायच्या. इतक्या उन्हात सायकल मारत येती, आन् माझ्या वावरातून रिकामं भांडं घेऊन जायचं? आमच्या घरात भांडं रिकामं माघारी जात न्हाई. सासूनं शिकवलंय. हळदीच्या वाटीत सुदिक चार दाणे टाकून द्यायचे."

राधेश्याम हसला. कुणी साथ दिली नाही, म्हणून थांबला.

सुमेधा उठून चुलीपाशी गेली.

"मावशी, माझं नाव गेलं असतं. चोर म्हणून. उद्या."

आसराबाईंच्या हातातला कप पहिल्यांदा हिंदकळला. "तुझं? माझ्या पाण्यानं?"

"कोरडी बाटलीबी नोंद असती, मावशी. महिनाभर पाऊस न्हाई, तर खाली कायबी उतरलं न्हाई. कार्बन न्हाई, काही न्हाई. शून्य. ते शून्य मला पाहिजे व्हतं. तुम्ही माझं शून्य भरून टाकलं."

आसराबाईंनी पदराने हात पुसले.

"कुठं लिहायचं ते सांग," त्या म्हणाल्या.

पण मनीषा मध्येच उठल्या. "थांबा. काही लिहायची गरज नाही. हे चार आठवडे 'नमुना मिळाला नाही' म्हणून काढून टाकू. उद्या तपासणीस येतात. बाकीचे आकडे चांगले आहेत, सुमेधाचं नाव मोकळं होतं, गावाचं हसं होत नाही. कुणाला कळणार?"

सोपं होतं. सुमेधाने फक्त मान हलवायची होती.


बाटली सहा

सुमेधाने मान हलवली नाही.

"नमुना मिळाला नाही, हे खोटं हे, मॅडम. नमुना मिळाला. चुकीचा मिळाला. मी जुलैचे आकडे लिहिलेत. त्यांच्यावर लोकांनी इश्वास का ठेवायचा? ऑगस्टचं पान फाडलेलं दिसल्यावर कोण ठेवल?"

तिने अंगणात बसकण मारली, वही उघडली, आणि चोवीस आकड्यांवर एकेक आडवी रेघ ओढली. रेघ अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी शून्य. खाली लिहिलं: *बाटल्यांत विहिरीचं पाणी. नळ्या कोरड्या. पर्जन्यमापकाशी जुळते. पूड सात ट्रॉली, आठ नाही.* मग सही.

"मलाबी सही करायची," आसराबाई म्हणाल्या. "पाणी मी ओतलंय. ती कशाला एकटी उभी राहील?"

"माय, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आसराबाईनं सही केली." त्यांनी पेन घट्ट धरला आणि एकेक अक्षर रोवत नाव लिहिलं. परमेश्वरने पेन घेतला आणि आईच्या खाली स्वतःचं लिहिलं, आठव्या ट्रॉलीसाठी.

शुक्रवारी पुण्याहून तपासणीस आल्या. त्यांनी तीन तास वावर पाहिलं आणि सगळ्यात जास्त वेळ त्या एका पानाकडे. त्या चार आठवड्यांची कमाई शून्य धरली गेली. वर्षाचा आकडा खाली आला. पण जुलैचा फरक त्यांनी जसाच्या तसा मान्य केला. असं पान ज्या वहीत आहे, तिची बाकीची पानं पुन्हा मोजायची गरज नाही, असं त्यांनी अहवालात लिहिलं. पुण्याची एजन्सी आली नाही. अकराही गावांना सुमेधाच्या वहीसारख्या वह्या मिळाल्या, रुंद समासाच्या. काम थांबवल्याचं पत्र मनीषांनी स्वतः येऊन परत नेलं. "चुकले" असं त्या म्हणाल्या, आणि तेही त्यांनी लिहून दिलं.

रामकिसन ऑक्टोबरमध्ये एकदा सहज आले. पुन्हा पंधरा दिवस आभाळ कोरडं होतं. कपाशी फुटली होती. सोमवार होता. धुऱ्यावर आसराबाई पाठ ताठ करून उभ्या होत्या, हातात लाकडी खोकं. शेजारच्या वावरातल्या दोन बायका कापूस वेचायच्या थांबून बघत होत्या.

"अगं आसरा," त्यातली एक ओरडली, "लेकीला रिकाम्या बाटल्या दिऊन राह्यलीस? लाज न्हाई वाटत?"

"त्या रिकाम्या न्हाईत!" आसराबाई तिथूनच गरजल्या, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "त्यात शून्य हे! मोजलेलं हे!"

सुमेधाने खोकं घेतलं, सहाही बाटल्या एकेक करून उन्हाला धरल्या आणि लिहिलं.

त्याच वर्षी जूनच्या पहिल्या सोमवारी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, सुमेधा ह्या वावरातून सहा कोरड्या बाटल्या घेऊन परत गेली होती, आणि आसराबाईंनी दारातून ते पाहिलं होतं; तेव्हापासूनच सोमवारी त्या आधी बघून यायला लागल्या होत्या.